वाळू मुरू देणारा माणूस

सरांचा विषय निघाला की मी बादलीची गोष्ट सांगतो. ती सांगायला सोपी आहे, ऐकणाऱ्याला आवडते, आणि ती संपली की लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात. साठ वर्षांहून जास्त काळ मी हेच करत आलो. निवृत्तीच्या समारंभात सांगितली, नातवाला सांगितली, अभियंत्यांच्या एका मेळाव्यात व्यासपीठावर खरोखरची बादली ठेवून करूनही दाखवली. टाळ्या पडल्या. त्यापुढचं मात्र कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आता तीही गेली. त्या वेळचं जाणणारं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. मी न सांगता गेलो तर जे खोटं आहे तेच खरं म्हणून मागे राहील, म्हणून लिहायला बसलो आहे.

पण सुरुवात बादलीपासूनच करावी लागेल. त्याशिवाय सर कळणार नाहीत.

परळच्या भोईवाड्यात एका कंत्राटदाराच्या गोदामामागे पत्र्याची शेड होती. तिला आम्ही प्रयोगशाळा म्हणायचो. इमारत बांधायची असली की त्या जागेखालची माती तिथे तपासायला यायची. मी नुकताच अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरी शोधत होतो. वडील गिरणीत, घर करी रोडच्या चाळीत, एक खोली. मुलाखतीला मी चुलत्यांचा टाय बांधून गेलो. समोर जे गृहस्थ होते त्यांनी वर काळा कोट घातला होता आणि खाली खाकी हाफपँट. लांब पँटच्या दुमडीत वाळू साठते म्हणून हाफपँट, आणि खिसे पाहिजेत म्हणून कोट, हे मला नंतर कळलं. माणूस बुटका आणि चांगला वजनदार.

त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली.

"ढिल्या वाळूवर घर बांधशील?"

"नाही, सर."

"का?"

"वाळू कमजोर असते."

"असं?" म्हणाले, आणि उठून एक लोखंडी बादली ओढली. तीत पाणी होतं. ओंजळीओंजळीने, जणू देवाला अक्षता वाहाव्यात तशी, त्यांनी तीत वाळू सोडली. बादली भरली. वर त्यांनी पाण्याने भरलेला पितळी तांब्या ठेवला. तांब्या उभा राहिला.

"उभा आहे?"

"आहे."

त्यांनी वाकून बादलीच्या कडेला बोटाच्या पेराने एक टिचकी मारली. तांब्या गळ्यापर्यंत आत गेला. मी दचकून मागे सरलो. काही क्षण ती वाळू वाळू राहिलीच नव्हती, पेज झाली होती. सर माझ्या तोंडाकडे बघून खूश झाले. मग त्यांनी तांब्या उपसून काढला, एक लाकडी ठोकळा घेतला आणि बादलीला सगळीकडून ठोकायला लागले. गडी चहा घेऊन आला तरी ठोकतच होते. वाळू हळूहळू खाली बसली, पाणी वर आलं. ते पाणी त्यांनी वाटीने काढून टाकलं, चपला काढल्या, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि ते स्वतः त्या बादलीत वाळूवर उभे राहिले. नुसते पायांचे ठसे उमटले.

"आता ढकल मला."

"सर..."

"ढकल रे, घाबरतोस काय! तीच वाळू आहे. एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही. मग बदललं काय?"

मी वाकून त्यांच्या पायांखालच्या वाळूकडे बघितलं.

"दाण्यांमधल्या पोकळ्या. लोक दाणे बघतात. आपण पोकळ्या बघायच्या. उद्यापासून ये."

मी त्या दिवशी परळहून करी रोडपर्यंत चालत आलो, पण पाय रस्त्यावर आहेत असं वाटत नव्हतं. आपण ज्याच्यावर उभे आहोत त्याच्या पोटात काय चाललेलं असतं, हे मला पहिल्यांदा कुणीतरी उघडून दाखवलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "इतक्यां शिकलंस आणि शेवटाक वाळू ठोकूक लागलंस?"

सर गिरगावात राहायचे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका वाण्याचं दुकान होतं. त्या काळी तांदूळ, रवा, डाळ मापाने मिळायची. वाणी माप भरायचा, वरून हात फिरवायचा आणि पिशवीत ओतायला जायचा, तेवढ्यात सर म्हणायचे, "थांबा." मग माप उचलून फळीवर दोनदा हलकेच आपटायचे. धान्य बोटभर खाली बसायचं. "आता भरा." वाणी कपाळावर हात मारायचा.

"मास्तर, तुम्ही दुसरीकडून माल घ्या ना! मी सोडतो तुम्हाला."

"अहो, मी फुकट मागत नाही. तुमच्या मापात हवा किती आहे ते फक्त दाखवतोय."

"हवेचे पैसे मी कुठे लावतो?"

"लावताच की! रोज लावता!"

दुकानात चार बायका असल्या की त्याही आपापली मापं आपटायला लागायच्या. सर गल्लीत शिरलेले दिसले की वाणी नोकराला ओरडायचा, "आले रे, माप आत घे!" पण रागाच्या मागे कौतुक असायचं. एकदा मला म्हणाला, "आमच्या बापाने तीस वर्षं दुकान चालवलं, पण तांदळाकडे असं कुणी बघितलं नाही."

घरात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वेगळं गाऱ्हाणं सांगायच्या. "आमच्याकडे पोह्यांचा डबा भरलेला कधी दिसतच नाही. मी भरून ठेवते, हे येतात, डबा जमिनीवर आपटतात, आणि मला म्हणतात, बघ, तू फसलीस." सर शेजारी बसून हसत असायचे. कोटाच्या प्रत्येक खिशात वेगळी वाळू असायची. डाव्या खिशात चौपाटीची, उजव्यात दादरची, आतल्या खिशात कुठल्या तरी नदीची. बोलता बोलता हात खिशात जायचा आणि बोटं दाणे चोळत राहायची. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौपाटीवर जायचे. लोकांनी रात्रभर तुडवलेल्या वाळूत एक सळई टोचायचे, आणि जिथे कुणी गेलं नाही तिथे दुसरी. "बघ," म्हणायचे, "लाखभर माणसांनी काय काम केलंय! आणि एकालाही ठाऊक नाही."

आता दादरच्या कामाकडे येतो.

दादरला समुद्राच्या जवळ एका ट्रस्टला प्रसूतिगृह बांधायचं होतं. गिरणगावातल्या बायकांसाठी. इमारतीला दोन बाजू असणार होत्या, दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची. जागा मिळाली होती, पण खाली खोलवर ढिली वाळू, आणि थोडं खणलं की पाणी. नेहमीचा उपाय म्हणजे काँक्रीटचे खांब खडकापर्यंत ठोकायचे आणि इमारत त्यांच्यावर उभी करायची. त्याला एवढा खर्च येणार होता की उत्तरेकडची बाजू सोडून द्यावी लागली असती. सर ट्रस्टच्या चिटणीसांना म्हणाले, "खांब कशाला? वाळूलाच बळकट करू."

चिटणीस भला माणूस होता, समाजकार्यात केस पांढरे झालेला. त्याने सरांवर विश्वास टाकला.

सरांची पद्धत अशी. तीन वाशांच्या तिपाईवरून जड वजन दोरीने ओढायचं आणि सोडायचं. त्या घावांनी लोखंडी नळ वाळूत खोल उतरवायचा. नळ जाताना आजूबाजूची वाळू दाबली जाते, हादरते. मग नळात वाळू ओतायची, थोडी ठोकायची, नळ थोडा वर घ्यायचा, पुन्हा ओतायची, पुन्हा ठोकायची. नळ बाहेर येतो तेव्हा जमिनीत वाळूचाच एक जाड खांब तयार झालेला असतो, आणि त्याने शेजारची वाळू चहूबाजूंनी रेटलेली असते. असं हातहात अंतरावर सगळ्या जागेत करत जायचं. दोरीवर आठदहा माणसं असायची, त्यांचा एक म्होरक्या गाणं म्हणायचा आणि बाकीचे ओढताना साथ द्यायचे. सर त्यांच्यात उभे राहून चुकीच्या ठिकाणी साथ द्यायचे. माणसं हसायची, म्हणायची, "साहेब, तुम्ही नुसते बघा." त्या हिवाळ्यात आम्ही भराव घालून घालून थकलो, आणि तरी जागेची पातळी सगळीकडे खाली गेली होती. इतकी वाळू त्या जमिनीने पोटात घेतली होती. मी ते बघत उभा राहायचो. वरून काहीच दिसत नव्हतं, आणि खाली एक अख्खी जमीन बदलत होती.

शेवटचा नळ बाहेर निघाला तेव्हा मी म्हणालो, "सर, उद्या तपासणी लावू?"

तपासणी म्हणजे टोकदार सळई ठरावीक वजनाच्या घावांनी खाली घालायची. जितके घाव जास्त लागतील तितकी जमीन घट्ट.

"उद्या?" ते ओरडलेच. "लोणचं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी वाढतोस का पानात? मुरू दे. निदान महिनाभर तिला हात लावायचा नाही."

मग त्यांनी मला तरुणपणीची हकिगत सांगितली. एका बंदराच्या कामावर त्यांनी अशीच वाळू ठोकली होती. लगेच तपासली तर पहिल्यापेक्षाही मऊ निघाली. साहेब लोकांनी त्यांना मूर्ख ठरवलं. तेवढ्यात ते विषमज्वराने आजारी पडले. महिना-दीड महिन्याने काठी टेकत परत गेले आणि सहज म्हणून त्याच जागी सळई घातली, तर ती जाईना. मध्ये कुणी काही केलं नव्हतं. वाळू आपली आपण घट्ट होत गेली होती.

"पण असं का होतं, सर?"

"माहीत नाही." हे ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला हसू आलं. "हसतोस काय? खरंच माहीत नाही. हादरल्यावर दाणे गोंधळलेले असतात, मग हळूहळू एकमेकांना धरत असतील. कदाचित दुसरंच काही असेल. कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. मी फक्त पाहिलंय. या कामात ते सगळ्यांना दिसेल. मग माझ्यापेक्षा हुशार कुणीतरी कारण शोधील."

हे वाक्य मला नीट आठवतं, कारण तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला होता. एरवी ते कशाचीच आस धरणारे नव्हते. पण जे आपण एकदा पाहिलं ते भास नव्हता, एवढं सिद्ध व्हावं, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा होती. ती या जागेत पुरी होणार होती.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीचाळीतून सत्याग्रहींच्या तुकड्या निघायच्या. नावं आधीच ठरलेली असायची, पाळी आली की माणूस मोर्च्यात जायचा आणि पोलीस पकडून न्यायचे. दोनचार दिवसांत बहुतेक सुटून यायचे. सरांना राजकारणातलं फारसं कळत नव्हतं, पण चाळीच्या तुकडीत त्यांनी स्वतः नाव घातलं होतं. "मुंबई आमची हे ओरडून सांगायला मला काही अभ्यास लागत नाही," म्हणायचे. वाळूचं काम संपल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली. ते हाफपँट आणि कोट घालून गेले.

चौकीत झडती झाली. सोबत असलेल्या शेजाऱ्याने आम्हाला ती पुढे नक्कल करून दाखवली. शिपायाने एका खिशात हात घातला, वाळू निघाली. दुसऱ्यात घातला, वाळू निघाली.

"हे काय, मास्तर?"

"वाळू."

"ती दिसतेय. कशाला आणली?"

"ही चौपाटीची आहे, ही दादरची. दोन्ही मिसळू नका, कृपा करा."

"पोलिसांच्या डोळ्यांत टाकायला ना?"

"डोळ्यांत? वेडे आहात का? धुऊन, चाळून ठेवलेली आहे ती!"

त्यांच्यावर दंग्याच्या तयारीचं कलम लागलं. बाकीची तुकडी आठवड्याच्या आत घरी आली, सर आतच राहिले. काकू भेटून आल्या तेव्हा त्यांनी मला निरोप दिला. "म्हणालेत, बरं झालं, तेवढाच वेळ वाळूलाही हवा आहे. मी येईपर्यंत तिला हात लावू नकोस म्हणावं."

मी हात लावला.

चिटणीस रोज यायला लागले होते. पावसाळ्याआधी पाया झाला नाही तर अख्खं वर्ष जाणार होतं. खांब ठोकणाऱ्या दुसऱ्या कंत्राटदाराचं यंत्र तेव्हाच मोकळं होतं, आणि तो पुढच्या कामावर निघून जायच्या बेतात होता.

"तुम्ही एकदा बघून तर घ्या," चिटणीस म्हणाले. "घट्ट झाली असेल तर आहेच. नसेल तर मला आज कळायला हवं. माझ्यावर बायकांची जबाबदारी आहे हो."

"सरांनी थांबायला सांगितलंय."

"किती दिवस?"

"महिना तरी."

"आणि का थांबायचं?"

मी म्हणालो, "ते सरांनाही माहीत नाही."

हे मी बोललो आणि त्या क्षणी मला स्वतःलाच ते हास्यास्पद वाटलं. पदवीधर माणसाने असं बोलावं? मला आत कुठेतरी सरांची लाज वाटली. हाफपँटची, खिशांची, वाण्याच्या दुकानातल्या आपटाआपटीची. दुसऱ्या दिवशी, काम होऊन दोन आठवडेही झाले नसताना, मी माणसं घेतली आणि सळई लावली. ती लोण्यात गेल्यासारखी गेली. दुसऱ्या जागी लावली, तीही. मधल्या भागात तर आम्ही काम करायच्या आधी होती त्याहून वाळू मऊ होती. सरांनी बंदराच्या कामावर नेमकं हेच पाहिलं होतं आणि मला सांगितलंही होतं. पण समोर घाव मोजत असताना ते आठवत नाही. मला फक्त भीती वाटली. ट्रस्टच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं की जमीन सुधारलेली नाही. काम होऊन किती दिवस झाले, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दक्षिणेकडच्या बाजूसाठी काँक्रीटचे खांब ठोकायला सुरुवात झाली. उत्तरेकडची बाजू नकाशातून कमी झाली.

सर सुटले तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. चाळीच्या लोकांनी त्यांना हार घातले, गुलाल उधळला. त्यातून सुटून ते तसेच, कोटावर गुलाल, थेट भोईवाड्याच्या शेडमध्ये आले. मागून चाळीतली पाचसहा मंडळी, आमचा कंत्राटदार मालक, सगळे आत शिरले. सर हसत होते. खूप बारीक झाले होते.

"काय रे शहाण्या! किती घाव लागले?"

मालकानेच सांगून टाकलं. वाळू मऊ निघाली, खांब चालू आहेत.

सर हसायचे थांबले नाहीत लगेच. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे माझ्याकडे वळले.

"थांबलास ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सळई नेमकी कधी लावली ते मालकालाही ठाऊक नव्हतं. कुणाच्या तरी हातात पेढ्यांचा पुडा होता. मला वाटलं, आता हे नको, उद्या एकट्याला गाठून सांगू. आत्ता या हारांमध्ये नको.

"थांबलो, सर."

"महिना?"

"हो."

त्यांनी मान हलवली. स्टुलावर बसले. कुणीतरी त्यांच्या हातावर पेढा ठेवला, तो त्यांनी खाल्ला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग तापातच काहीतरी दिसलं असेल मला तेव्हा." आणि गुलाल झटकायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. "दुसऱ्याच्या जमिनीवर माझे भास तपासायचा मला अधिकार नाही," एवढंच मालकाला म्हणाले. गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. त्यांच्या जागेवर मला बसवण्यात आलं. मी बसलो. ते चिटणिसांकडे पुन्हा कधी गेले असते तर एका वाक्यात सगळं उघड झालं असतं, कारण चिटणिसांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना त्या दिवसांचं महत्त्वच कळलेलं नव्हतं. पण सर गेले नाहीत. माझ्या शब्दाची खातरजमा करावी असं त्यांना वाटलंच नसावं.

मी दसऱ्याला, संक्रांतीला त्यांच्याकडे जायचो. एकदा जाताना वाण्याने मला हाक मारली. "मास्तरांना बरं नाही का हो? हल्ली माप बघतही नाहीत. मी मुद्दाम ढिलं भरतो, म्हटलं आज तरी आपटतील. पिशवी पुढे करतात आणि जातात." त्याच्या आवाजात काळजी होती. मी म्हणालो, वय झालं.

प्रसूतिगृह उभं राहिलं. उत्तरेकडे जी बाजू होणार होती ती जागा मोकळीच राहिली. वाळू ठोकलेली, पण वर काही न बांधलेली. तिथे दोऱ्या बांधून बाळांची दुपटी वाळत घालायचे. वर्षभराने एका रविवारी, पाण्याच्या टाकीसाठी जमीन बघायची आहे असं खोटंच सांगून, मी दोन माणसं आणि सळई घेऊन तिथे गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. दुपटी बाजूला सारून आम्ही सळई उभी केली.

पहिल्या काही घावांत ती थोडी गेली. मग जाईना. वजन पडायचं आणि सळई झणझणायची, तो झणझणाट हातातून दातांपर्यंत यायचा. माणसांनी कपाळाचा घाम पुसला. एक म्हणाला, "साहेब, खाली दगड लागला." मी जागा बदलली. तिथेही तेच. तिसऱ्या जागी सळईचं टोक वाकलं. खाली दगड नव्हता, हे त्या अख्ख्या मुंबईत मला एकट्याला माहीत होतं. तीच वाळू होती. मी जिच्यात लोण्यासारखी सळई घातली होती तीच. मध्ये कुणी तिला हात लावला नव्हता. ती अंधारात, पाण्याखाली, एकेक दाणा करून आपली आपण उभी राहिली होती, आणि एक हाफपँट घातलेला माणूस हे होणार म्हणून सांगून गेला होता. मी जमिनीवर बसलो आणि तळहात टेकवून राहिलो. देवळात मला असं कधी वाटलेलं नाही. आतून एक बाई ओरडली, "अहो, दुपट्यांना माती लागतेय!"

मी तसाच गिरगावात गेलो. सर पोरांच्या वह्या तपासत होते. मी म्हणालो, "सर, दादरच्या त्या वाळूबद्दल..."

"वाळूचं नाव नको रे काढूस," ते म्हणाले. रागावले नव्हते. विनवणी केल्यासारखं म्हणाले. मी ते निमित्त पकडलं. चहा घेतला आणि परत आलो.

पुढे पुष्कळ वर्षांनी परदेशातल्या अभियंत्यांनीही हेच पाहिलं आणि लिहिलं. ठोकलेली वाळू लगेच मऊ वाटते आणि आठवडे, महिने आपोआप घट्ट होत जाते. ते वाचून इकडचे लोक चकित झाले. माझ्यापुढे ते लेख आले तेव्हा मी त्यांवर व्याख्यानही दिलं. कारणाबद्दल अजूनही सगळ्यांचं एकमत नाही. सरांचं नाव कुठेच नाही. ते मी इथे लिहू शकलो असतो, पण काकूंनी एकदा सांगितलं होतं की त्यांना छापील नावाचा संकोच वाटतो, आणि आता निदान एवढं तरी त्यांच्या मनासारखं व्हावं.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडंसं आधी सरांना परळच्या एका इस्पितळात ठेवलं. छातीचं दुखणं होतं. सगळीकडे कमानी उभ्या राहत होत्या, दिव्यांच्या माळा लागत होत्या. मी ठरवून निघालो. करी रोडपासून चालत गेलो आणि वाटभर मनात तेच वाक्य घोळवलं, शब्द बदलून बदलून. शेवटी अगदी थोडे शब्द उरले.

सर उशीला टेकून बसले होते. काकू औषध आणायला खाली गेल्या होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात धरला.

"बरं झालं आलास. तुझ्याशी एक बोलायचं राहिलंय, आणि मला धीर होत नव्हता."

"काय, सर?"

"दादरच्या कामात मी तुला फसवलं रे. मुद्दाम नाही. पण मला जे नीट ठाऊक नव्हतं ते तुला ठाम सांगितलं. तू पोरवयात माझ्यावर भरवसा ठेवून महिनाभर थांबलास, आणि मग भर बैठकीत तुला उभं राहून माझं अपयश सांगावं लागलं. त्या बायकांची अर्धी इमारत गेली. त्याचं ओझं तुझ्यावर टाकलं मी." त्यांना दम लागला. "मला माफ कर."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.  मी म्हणालो, "असू द्या, सर. झालं गेलं."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा एवढा मोकळा झाला की मला बघवेना. काकू औषध घेऊन आल्या, म्हणाल्या, "बघ, तुला बघून किती बरं वाटलंय त्यांना." मी उद्या येतो म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्या दिवशी मी चालत चालत जे घेऊन गेलो होतो ते एवढंच होतं. सर, मी थांबलो नव्हतो. वाळू तुमच्या म्हणण्याप्रमाणेच वागली. मला माफ करा.